धूर नाही, आग नाही, तरी वाजतोच: वायरलेस स्मोक डिटेक्टरचं वारंवार उद्भवणारं दुखणं

आमच्याकडे चार वायरलेस स्मोक डिटेक्टर आहेत. छताला लावायला अर्धा दिवस लागला. ते शहाण्यासारखे वागायला लागायला पाच महिने गेले. कधी पहाटे त्यातला एकच दर मिनिटाला 'टिक्' करायचा आणि ऊन चढलं की गप्प व्हायचा. कधी चारही एकदम बोंब ठोकायचे आणि घरभर हुंगत फिरलं तरी धुराचा मागमूस नसायचा. कधी मागच्या खोलीतला डिटेक्टर रात्री अ‍ॅपमध्ये 'ऑफलाइन' दिसायचा आणि सकाळी आपला आपण परत हजर.

मी या तिन्ही तक्रारी एकाच खात्यावर टाकल्या होत्या: वायरलेस म्हटलं की असंच चालायचं. प्रत्येक वेळी सेल काढ-घाल, पुन्हा पेअरिंग (म्हणजे जोडणी), हब, म्हणजे सगळ्या डिटेक्टरना अ‍ॅपशी जोडणारी पेटी, रीस्टार्ट. दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून फ्रीजवर एक वही ठेवली. कोणता वाजला, किती वाजता, कसा आवाज होता आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं घरात काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत उघड झालं की हे तीन वेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. तुमचाही डिटेक्टर पुन्हा पुन्हा तोच त्रास देत असेल, तर स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी वही घ्या.

आधी आवाज ओळखा

तीन लांब बीप, थोडी शांतता, पुन्हा तीन बीप: हा आगीचा इशारा. हा ठेका आयएसओ ८२०१ या मानकातला आहे आणि बहुतेक नवे डिटेक्टर तोच वापरतात. डिटेक्टर कार्बन मोनॉक्साइडही ओळखणारा असेल तर त्या वायूसाठी सहसा चार छोटे बीप आणि मग शांतता असते. तीन-तीनचा किंवा चार-चारचा आवाज आला, तर 'मागच्या वेळीही खोटंच होतं' असं म्हणत कूस बदलू नका. आधी माणसं उठवा, शहानिशा करा. चार-चारच्या वेळी तर वास किंवा धूर शोधत बसूच नका, कारण त्या वायूला ना रंग असतो ना वास. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या. पुढचं सगळं लिखाण, धोका नाही याची खात्री झाल्यानंतरचं आहे.

दर ३० ते ६० सेकंदांनी एकच छोटी 'टिक्' म्हणजे जवळजवळ नेहमी सेल उतरल्याची खूण. काही मॉडेल दोन किंवा तीन टिक देऊन बिघाड झालाय किंवा आयुष्य संपलंय असं सांगतात. कोणत्या टिकचा अर्थ काय, हे बहुतेक डिटेक्टरच्या पाठीवरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

कोणता डिटेक्टर टिकटिकतोय हे कळत नसेल, तर तुमच्या कानांचा दोष नाही. हा आवाज साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि नेमक्या याच पट्ट्यात माणसाच्या कानाला दिशा ओळखणं सर्वांत अवघड जातं. त्यात टिक इतकी छोटी की मान वळवेपर्यंत संपलेली असते, आणि वर भिंतींचा प्रतिध्वनी. त्यामुळे घरभर धावू नका. एकेका डिटेक्टरखाली दीड-दोन मिनिटं शांत उभं राहा आणि त्याच्या दिव्याकडे बघा, कारण पुष्कळ मॉडेलमध्ये टिकबरोबर दिवाही लुकलुकतो. तरी कळलं नाही तर सगळे उतरवून वेगवेगळ्या खोल्यांत उशीवर ठेवा.

एक गंमत सांगते. वहीच्या पहिल्याच आठवड्यात चारही उतरवले, तरी टिक चालूच! दोन दिवस मी चक्रावलेली. शेवटी ती टिक सापडली स्टोअररूमच्या खणात. आधीचा जुना डिटेक्टर मी सेलसकट तिथे टाकून विसरले होते.

पहाटेची टिक

वहीत या टिकच्या नोंदी सगळ्या तीन ते सहाच्या दरम्यानच्या होत्या. त्याला कारण आहे. सेल थंड झाला की त्याच्या आतला रोध वाढतो. घर सर्वांत गार असतं ते पहाटे, त्यामुळे उतरत चाललेला सेल दिवसभर कसाबसा तग धरतो आणि पहाटे ठरलेल्या रेषेखाली जातो. वायरलेस डिटेक्टरवर आणखी एक भार असतो: मधूनमधून हबला किंवा जोडीदार डिटेक्टरला 'मी जिवंत आहे' असा रेडिओ संदेश पाठवायचा. त्या क्षणभरात सेलमधून एकदम जास्त प्रवाह ओढला जातो आणि व्होल्टेज दबतं. ऊन आलं की सेल सावरतो, टिक थांबते, आणि आपण म्हणतो, 'बघ, आपोआप बरा झाला.' बरा झालेला नसतो. पुढच्या गार रात्रीची वाट बघत असतो.

मी यात एक चूक हमखास करत होते. सेल काढून मल्टिमीटरला लावायचा, आकडा ठीकठाक दिसायचा, आणि तोच सेल परत आत. पण मीटर सेलवर काहीच भार टाकत नाही. निवांत पडलेला सेल चांगला आकडा दाखवतोच. काम पडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं.

सेल बदलताना त्या डिटेक्टरमधले सगळे एकदम बदला, नवा-जुना जोडू नका. पाठीवर जो प्रकार लिहिलाय तोच घाला: अल्कलाइन तर अल्कलाइन, लिथियम तर लिथियम. रिचार्जेबल सेल घालायचा मोह होतो, पण पेन्सिल सेलच्या आकारात ते दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्टचे असतात आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी आकारात बरेचसे ७.२ किंवा ८.४ व्होल्टचे. शिवाय ते शेवटपर्यंत बरे वाटतात आणि मग अचानक बसतात, त्यामुळे 'सेल उतरलाय' हे सांगायला डिटेक्टरला वेळच मिळत नाही. स्वस्त कार्बन-झिंक सेलही इथे नकोत.

नवा सेल घालूनही टिक थांबत नाही, ही तक्रार तर पदोपदी ऐकू येते. त्यावर उपाय असा: सेल काढा, टेस्ट बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आतल्या कपॅसिटरमधला उरलेला चार्ज निघून जाईल आणि जुनी 'सेल कमी' ही आठवणही पुसली जाईल. मग सेलची टोकं आणि आतल्या पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसा, हिरवट किंवा पांढरा थर दिसतो का बघा, आणि सेल घालून झाकण खट् आवाज येईपर्यंत दाबा. अगदी नवाकोरा डिटेक्टर असेल तर सेलखालची प्लास्टिकची पट्टी पूर्ण निघालीय का, तेही बघा. आमच्याकडे एकीचा तुकडा आतच तुटून राहिला होता.

एवढं करूनही टिक असेल तर पाठीवरची उत्पादनाची तारीख वाचा. घरगुती स्मोक डिटेक्टरचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात, आणि तेही तुम्ही बसवल्यापासून नाही, बनल्यापासून. ज्यांचा सेल आत कायमचा बंद असतो त्यांचा सेल संपला की पूर्ण डिटेक्टरच बदलायचा. कापून-बिपून उघडायच्या भानगडीत पडू नका.

चारही एकदम ओरडतात, तेव्हा पहिला कोण?

जोडलेल्या डिटेक्टरमध्ये खरा संशय एकालाच येतो, बाकीचे त्याच्या सुरात सूर मिसळतात. म्हणून सगळ्यांचे सेल काढण्याआधी पहिला कोण ते पकडायचं. सहसा पहिल्याचा लाल दिवा भरभर लुकलुकतो, इतरांचा नाही. बऱ्याच संचांत आवाज बंद करायचं बटण पहिल्यावर दाबलं तरच सगळे गप्प होतात. दुसऱ्यावर दाबून काही होत नाही, आणि मग 'बटणच खराब आहे' असा गैरसमज होतो. अ‍ॅप असेल तर त्यातल्या नोंदींत सेकंदांसकट क्रम सापडतो. आमच्या वहीत प्रत्येक वेळी एकच नाव होतं: बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमधला. वेळ सकाळी साडेसहा ते सात.

इथे डिटेक्टर आतून कसा असतो ते माहीत असलं की अर्धं कोडं सुटतं. फोटोइलेक्ट्रिक डिटेक्टरमध्ये एक काळोखी डबी असते. एका बाजूला छोटा एलईडी, आणि त्याचा प्रकाश थेट पडणार नाही अशा कोनात बसवलेला प्रकाश टिपणारा सेन्सर. धूर आत शिरला की त्याच्या कणांवरून प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो, आणि भोंगा वाजतो. आता प्रकाश विखुरायला धूरच लागतो असं कुठे आहे? पाण्याच्या वाफेचे थेंब, धूळ, झुरळ मारायच्या स्प्रेचा फवारा, जाळीतून आत घुसलेला एखादा चिमुकला किडा, जळमटाचा धागा, सगळ्यांना ते जमतं. आमच्याकडे सकाळी गरम पाण्याने अंघोळ करून दार उघडलं की वाफेचा लोट थेट त्या डबीत जायचा. डिटेक्टर बाथरूमच्या दारापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर होता. तो पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला नेला, आणि ती तक्रार त्या दिवशी संपली. दारापासून निदान एक मीटर, जमलं तर जास्तच, अंतर ठेवा.

दुसरा प्रकार आयनायझेशनचा. त्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा सूक्ष्म अंश असतो. त्याच्यामुळे हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि धुराचे कण त्यात आडवे आले की प्रवाह घटतो. हा प्रकार भडकलेल्या ज्वाळांच्या बारीक कणांना चटकन ओळखतो. गादी किंवा वायर आतल्या आत धुमसत असेल तर फोटोइलेक्ट्रिक सरस. पण तापलेल्या तेलाचे बारीक कणही आयनायझेशनवाल्याला लगेच झोंबतात, त्यामुळे स्वयंपाकघराजवळ तो सतत वाजतो. अमेरिशियम-२४१ चं अर्धायुष्य ४३२ वर्षांचं आहे, मग दहा वर्षांत डिटेक्टर का बदलायचा, असा प्रश्न मलाही पडला होता. संपतो तो किरणोत्सार नव्हे. धूळ साचते, भाग झिजतात, संवेदनशीलता हलते. तो उघडून आत बोट घालायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोणत्याही प्रकारचा असो, शेगडीपासून साधारण ३ मीटर लांब ठेवा. घर छोटं असून तेवढं अंतर मिळत नसेल, तर स्वयंपाकघरात स्मोकऐवजी हीट डिटेक्टर लावून तो बाकीच्यांशी जोडणं हा माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग. तो धुराकडे बघतच नाही. हवा ५७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की वाजतो. अर्थात त्यामुळे तो उशिरा जागा होतो, म्हणून झोपायच्या खोलीत तो चालणार नाही.

सफाईबद्दल थोडक्यात. सहा महिन्यांतून एकदा व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून कडेच्या फटींवरून फिरवा. पाणी, साबण, स्प्रे काहीही नको. भिंतीला ड्रिल किंवा पॉलिश पेपर मारायचं काम निघालं तर डिटेक्टर आधी झाका आणि काम संपल्यावर झाकण काढायचं लक्षात ठेवा. रंगकाम होऊन वर्ष उलटलं तरी प्लास्टिकची टोपी तशीच चढवलेली मी डोळ्यांनी पाहिलीय.

आणि एक दुर्मीळ पण खरी शक्यता: काही जुन्या रेडिओ संचांत कारखान्यातून आलेला कोड बदलायचा असतो. तो तसाच राहिला आणि भिंतीपलीकडे त्याच बनावटीचा संच असला, तर त्यांच्या धुराला तुमचं घर ओरडतं. नोंदींत तुमच्यापैकी कोणीच पहिला नसेल तर कोड बदलून सगळे नव्याने जोडा.

रात्री 'ऑफलाइन'

हे दुखणं सर्वांत चिवट निघालं. वहीत वेळ होती अकरा ते साडेअकरा, डिटेक्टर नेहमी मागच्या खोलीतलाच.

आधी आपला संच कोणत्या जातीचा ते बघा. काही डिटेक्टर एकमेकांशी थेट रेडिओवर बोलतात, बहुधा ४३३, ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झवर. काही हबमार्फत बोलतात, जसे झिगबी या घरगुती उपकरणांच्या रेडिओ पद्धतीचे, २.४ गिगाहर्ट्झवर. काही सरळ घरच्या वायफायवर. आमचे झिगबीचे. झिगबीत सेलवर चालणारं उपकरण स्वतःपुरतंच बोलतं, दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाही. निरोप पुढे नेण्याचं काम विजेवर चालणारी उपकरणं करतात, म्हणजे स्मार्ट प्लग आणि बरेचसे स्मार्ट दिवे. आमच्या मागच्या खोलीतल्या डिटेक्टरचा निरोप हबपर्यंत जायचा तो पॅसेजमधल्या स्मार्ट दिव्याच्या खांद्यावरून. आणि रोज रात्री अकराला झोपायला जाताना सासूबाई तो दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करायच्या. दिव्याची वीज गेली, पूल पडला.

"आई, तो दिवा भिंतीवरून बंद करू नका ना, मोबाइलवरून होतो."

"मग भिंतीवर बटण कशाला ठेवलंय? शोभेला?"

त्यांचं बरोबर होतं. घरातल्या माणसांनी सवयी बदलाव्यात असं गृहीत धरून केलेली मांडणी टिकत नाही. मी पॅसेजमध्ये कपाटामागे कोणाचा हात पोचणार नाही असा एक स्मार्ट प्लग कायमचा चालू ठेवला, साधा दिवा परत लावला, आणि मागचा डिटेक्टर हबशेजारी न नेता आपल्या जागेवर लटकलेला असतानाच पुन्हा पेअर केला, म्हणजे त्याने जवळचा प्लगच धरला. तेव्हापासून वहीत अकराची नोंद नाही.

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. हब राउटरला चिकटून ठेवलाय? वायफायही २.४ गिगाहर्ट्झवरच असतं, दोघांत मीटरभर तरी अंतर हवं. हबऐवजी वापरायची झिगबीची यूएसबी काडी संगणकाच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचली असेल तर ते पोर्टच याच पट्ट्यात गोंगाट करतं. साधी एक्स्टेंशन वायर लावून काडी दूर नेली की फरक पडतो. वायफायवाला डिटेक्टर जोडलाच जात नसेल तर तो बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतो आणि तुमचा फोन ५ वर बसलेला असतो. पेअरिंगपुरतं राउटरमधलं ५ गिगाहर्ट्झ बंद करून पाहा. राउटरला रात्री वायफाय बंद करायचं वेळापत्रक लावलेलं असेल तर उत्तर तिथेच आहे.

थेट रेडिओवाल्यांचे शत्रू म्हणजे सळयांचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी. इथे एक सोपी युक्ती चालते: डिटेक्टर वीस-तीस सेंटिमीटर सरकवा. ८६८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एखाद्या ठिकाणी मूळ लहरीला मारतात, आणि वीतभर पलीकडे तोच सिग्नल पुन्हा ठणठणीत असतो. फक्त छताच्या पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून मीटरभर दूर राहा, नाहीतर धूर त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. भिंतीवर लावायचा असेल तर छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत.

चाचणी घेताना सगळी दारं रात्री असतात तशी बंद करा आणि सर्वांत लांबच्या डिटेक्टरचं बटण दाबा. आपण नेहमी हाताशी असलेल्याचं दाबतो आणि खूश होतो. बटण महिन्यातून एकदा दाबायचं, पण त्याने भोंगा, सेल आणि जोडणी कळते. धूर डबीत शिरतोय का हे पाहायला डिटेक्टरसाठीच बनवलेला चाचणी स्प्रे मिळतो. कागद जाळून बघू नका, काजळी डबीत चिकटते.

सगळं सुरळीत झाल्यावर मी एक शेवटची चाचणी घेतली, जी खरं तर पहिल्या दिवशी घ्यायला हवी होती. घराचा मेन स्विच बंद करून मागच्या खोलीतला डिटेक्टर वाजवला. तो एकटाच वाजला. आमच्या झोपायच्या खोलीतला, दार बंद असताना, मुका. हब बंद, राउटर बंद, प्लग बंद, मग निरोप नेणार कोण? आणि आग वायरिंगपासून लागली तर वीज आधी जाणार. मी हब आणि राउटर छोट्या यूपीएसवर टाकले, पण प्लगचं काय करणार? शेवटी मागच्या आणि झोपायच्या खोलीसाठी थेट रेडिओवर बोलणारी एक वेगळी जोडी घेतली. तिला ना अ‍ॅप ना हब. मेन बंद करून परत बटण दाबलं, आणि सासूबाई आतून ओरडल्या, "कळलं, कळलं, बंद कर आता!"